थंडी मधेच का पळते, आणि मागोमाग आभाळ का येते?

नोव्हेंबर उजाडला की पंधरवड्यात तीन मथळे ठरलेले असतात. आधी 'पारा घसरला, राज्यात हुडहुडी', मग 'थंडी गायब' आणि शेवटी 'या जिल्ह्यांना अवकाळीचा यलो अलर्ट'. सोमवारी कपाटातून स्वेटर बाहेर आलेला असतो आणि शनिवारी छत्री शोधावी लागते. मग हवामान खात्यावरचे जुने विनोद व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरू लागतात.

गंमत अशी की हे तिन्ही मथळे बहुतेक वेळा एकाच घडामोडीचे तीन टप्पे असतात. त्यातली मधली बातमी आपण सगळ्यात कमी मनावर घेतो, पण कामाची तीच असते. हिवाळ्याच्या तोंडावर रात्रीचा पारा उगाच चढत नाही. तो चढला म्हणजे हवेत कुठून तरी बाष्प आले, आणि बाष्प आले म्हणजे पुढच्या दोन-चार दिवसांत आभाळ भरून येण्याची शक्यता वाढली. 'थंडी गायब' ही पुढच्या बदलाची आगाऊ सूचना असते, ती वाचता आली पाहिजे.

थंडी उत्तरेतून येते, पण निम्मी इथेच तयार होते

'उत्तरेकडून थंड वारे वाहू लागल्याने' असे वाक्य आपण नेहमी वाचतो. ते खरे आहे, पण अर्धेच. हिमालयाच्या पायथ्याकडून निघालेला वारा मध्य प्रदेश ओलांडून खानदेशात उतरेपर्यंत वाटेत बराच तापतो. त्याची खरी देणगी कोरडेपणा ही आहे.

दिवसभर तापलेली जमीन रात्री ती उष्णता आकाशाकडे सोडत असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात ती वर जाते. हवा कोरडी असेल, आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि रात्र लांबलचक असेल, तर ही उष्णता बिनबोभाट निघून जाते आणि पहाटेपर्यंत जमीन आणि तिला चिकटून असलेली हवा गार पडते. हवेत बाष्प असेल, तर ते या किरणांतला बराच भाग शोषून पुन्हा खाली पाठवते. ढग तर त्याहून जास्त. म्हणजे बाष्प आणि ढग मिळून जमिनीवर गोधडी पांघरतात. गोधडी स्वतः काही तापवत नाही, आतली ऊब फक्त बाहेर जाऊ देत नाही. उत्तरेचा कोरडा वारा ही गोधडी ओढून घेतो, बाकीचे काम आपली जमीन आणि रात्र करतात.

म्हणून तर निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे तापमान दर हिवाळ्यात बातमीत येते. मोकळे रान, गोदावरीचे खोरे आणि पडलेला वारा, असे सगळे तिथे जुळून येते. याच कारणाने कधी कधी पुण्याची पहाट महाबळेश्वरपेक्षा गार निघते आणि लोक चकित होतात. महाबळेश्वर तेराशे मीटरहून उंच, मग तिथे थंडी जास्त नको? पण गार हवा जड असते. डोंगरमाथ्यावर गार झालेली हवा उतारावरून खाली घसरते आणि खोलगट भागात साचून राहते. पुण्यातही पाषाण, हडपसर आणि शिवाजीनगर यांचे आकडे एकाच पहाटे वेगळे असतात, त्याचे कारण काही अंशी हेच. बाकी काँक्रीट.

मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे हा खेळ मोठ्या प्रमाणात रंगत नाही, कारण समुद्र शेजारी आहे. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. शिवाय किनाऱ्यावरची हवा कायम दमट असल्यामुळे गोधडी तिथे कधी पूर्ण निघतच नाही.

मग पारा चढतो कशाने?

वारा फिरल्याने.

मोसमी पाऊस महाराष्ट्रातून ऑक्टोबरमध्ये निरोप घेतो. मुंबईतून तो जाण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर, साऱ्या देशातून १५ ऑक्टोबर. पण पावसाचा कारखाना त्या दिवशी बंद होत नाही, तो दक्षिणेला सरकतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तमिळनाडूचे मुख्य पावसाळी महिने. बंगालच्या उपसागराचे पाणी तेव्हाही ऊबदार असते, तिथे एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि बहुधा पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे सरकत किनाऱ्याला लागतात.

कमी दाबाचे क्षेत्र म्हणजे भोवतीच्या मानाने हवेचा दाब कमी असलेली जागा. चहूबाजूंची हवा तिकडे धावते आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरू लागते. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. हे क्षेत्र चेन्नईच्या आसपास असेल, तर त्याच्या उत्तरेच्या बाजूला वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतील. म्हणजे आंध्र, तेलंगणावरून थेट मराठवाड्याकडे आणि मध्य महाराष्ट्राकडे. कालपर्यंत कोरडा उत्तरी वारा होता, आज उपसागराचे बाष्प घेऊन आलेला पूर्वेचा वारा आहे. वादळ हजार किलोमीटर दूर, आणि आपली थंडी मात्र गेलेली.

नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस हेच झाले. पुण्या-नाशकात थंडीने चांगला जम बसवला होता. बंगालच्या उपसागरात 'फेंगल' हे चक्रीवादळ तयार झाले आणि ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले. त्याचे अवशेष तमिळनाडू, कर्नाटक ओलांडून अरबी समुद्राकडे गेले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात ढगाळ हवा, उकाडा आणि तुरळक पाऊस होता. ४ डिसेंबरला सांताक्रूझचा पारा ३७ अंशांच्या वर गेला. डिसेंबरात!

मुंबईच्या या उकाड्याचे कारण थोडे वेगळे आहे आणि ते सांगण्यासारखे आहे. रोज दुपारच्या सुमारास समुद्रावरून गार वारा आत येतो आणि शहराचे तापमान आवरतो. पूर्वेचा वारा जोरात असेल, तर तो या समुद्री वाऱ्याला थोपवून धरतो. समुद्री वारा अकराऐवजी दोन-तीनला आला की मधल्या तासांत ऊन मोकळे सुटते. त्यात पूर्वेचा वारा सह्याद्रीवरून खाली उतरताना दाबला जातो आणि आणखी तापतो. कोरडी हवा एक किलोमीटर खाली उतरली की जवळजवळ १० अंशांनी तापते. त्यामुळे घाटावर मळभ आणि त्याच दिवशी मुंबईत घामाच्या धारा, हे दोन्ही एकाच वाऱ्याचे काम असू शकते.

घाटावर ओळखायची खूण सोपी आहे. दिवसाचे आणि रात्रीचे तापमान यांतले अंतर बघा. स्वच्छ हवेत पुण्यात दुपारी ३० आणि पहाटे १२ असे अठरा अंशांचे अंतर सहज पडते. ढगाळ हवेत तेच २७ आणि २० होते. सरासरी दोन-अडीच अंशांनीच हललेली असते, पण अंतर पार आक्रसलेले असते. हे अंतर सलग दोन दिवस कमी झाले, पहाटेचा बोचरेपणा गेला, कपडे उशिरा वाळू लागले आणि वर उंच पांढरे विरळ ढग पसरू लागले, तर मोबाइल न उघडताही हवा फिरली हे कळते. जुन्या शेतकऱ्यांना 'हवा रोगट झाली' एवढ्यानेच कळायचे.

पश्चिमेकडूनही कोणीतरी येत असते

दुसरा पाहुणा पश्चिमी विक्षोभ. काही वर्तमानपत्रे त्याला पश्चिमी झंझावात म्हणतात, पण झंझावात म्हटले की वादळ डोळ्यांसमोर येते आणि हा प्रकार बहुतेक वेळा तितका रौद्र नसतो. भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र या भागांत उगम पावून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे उत्तर भारतात येणारी ही हवेची खळबळ आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अतिवेगवान वाऱ्यांचा एक पट्टा असतो. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेला सरकतो आणि हे विक्षोभ त्याच्यासोबत वाहत येतात. ऐन हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात. काश्मीर-हिमाचलातला बर्फ आणि पंजाबच्या गव्हावरचा पाऊस त्यांचाच.

महाराष्ट्र त्यांच्या वाटेवर थेट येत नाही. पण विक्षोभ जोरदार असला, तर वरच्या थरांतला त्याचा प्रभाव गुजरात, खानदेश, विदर्भापर्यंत उतरतो आणि सोबत वरच्या हवेत थंडावा आणतो. विक्षोभ येत असतानाही उत्तरेचा वारा मोडतो आणि पारा चढतो. तो पुढे सरकला की मात्र त्याच्या पाठोपाठ कोरडी थंड हवा खाली सुटते. हिवाळ्यातली कडाक्याची थंडी पुष्कळदा विक्षोभ गेल्यानंतर दोन-तीन दिवसांत येते ती याच क्रमाने.

दोघांची गाठ पडली तर

पूर्वेचा दमट वारा एकटा आला, तर बहुधा मळभ येते आणि चार थेंब पडतात. पश्चिमी विक्षोभ एकटा आला, तर आपल्याकडे अनेकदा नुसते उंच ढग दिसतात. खरी पंचाईत दोघे एकाच वेळी आले की होते. खालच्या थरात उबदार, दमट हवा आणि तिच्या डोक्यावर थंड, कोरडी हवा. उबदार हवा हलकी असल्याने वर जायला बघते, आणि वरची हवा जितकी थंड, तितकी ती वेगाने वर झेपावते. काही तासांत दहा किलोमीटरहून उंच गडगडाटी ढग उभा राहतो.

अशा ढगात वर जाणारा वारा इतका जोरदार असतो की पाण्याचे थेंब हवा शून्याखाली असते तितक्या उंचीवर नेऊन तिथेच तरंगत ठेवतो. शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब बर्फाच्या कणांवर आदळतात आणि कणावर थर चढत जातात. वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. जुलैतल्या धो-धो पावसात गारा सहसा का पडत नाहीत, याचे उत्तरही यात आहे. तेव्हा वरपर्यंतची सारी हवा ओलसर आणि उबदार असते. वर जायची ओढ कमी असते, आणि पडलेली गार वाटेत वितळूनही जाते.

२६ नोव्हेंबर २०२३ हा रविवार नाशिक जिल्ह्याला चांगला आठवतो. पूर्वेचे बाष्प, अरबी समुद्रावरची चक्राकार वाऱ्यांची स्थिती आणि वरून पश्चिमी विक्षोभ असा तिहेरी योग जुळून आला. निफाडसह अनेक भागांत गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. त्याच दिवशी गुजरातेत वीज पडून वीसहून अधिक माणसे दगावली. पाऊस येणार हा इशारा आधी दिलेला होता. कोणत्या गावात गार पडेल हे मात्र सांगता येण्यासारखे नव्हते.

त्याआधी डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत वेगळाच प्रकार झाला. तेव्हा बाष्पाचा ओघ अरबी समुद्रातून आला. गारांपेक्षा संततधार आणि गार वारा यांनी त्रास दिला. पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात उघड्यावर बसवलेल्या शेकडो मेंढ्या भिजून गारठून मेल्या. पावसाचा आकडा पावसाळ्याच्या मानाने काही विशेष नव्हता. ओली लोकर, वारा आणि रात्र यांनी घात केला.

अरबी समुद्र नोव्हेंबरात स्वतःही वादळे देतो, हे किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' कन्याकुमारीजवळ तयार होऊन लक्षद्वीपमार्गे आपल्या दिशेने वळले. मुंबईत ५ डिसेंबरला शाळांना सुट्टी द्यावी लागली. सुरतेच्या किनाऱ्यापर्यंत जाता जाता ते विरून गेले.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे नेमके किती ठिकाणी?

हवामान खात्याची भाषा सरकारी वाटते, पण तिच्यातले शब्द मोजून वापरलेले असतात. एखाद्या विभागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर 'तुरळक ठिकाणी'. २६ ते ५० टक्के असेल, तर 'काही ठिकाणी'. ५१ ते ७५ टक्के म्हणजे 'बऱ्याच ठिकाणी'. त्याहून अधिक म्हणजे जवळजवळ सगळीकडे. नोव्हेंबरच्या अंदाजात पहिले दोन शब्दच बहुतेक वेळा दिसतात. म्हणजे तुमच्या गावात पाऊस न पडण्याची शक्यता त्या अंदाजातच लिहिलेली असते. आपण ती वाचत नाही.

पावसाच्या प्रमाणाचेही तसेच. चोवीस तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस 'हलका', त्यापुढे ६४.४ पर्यंत 'मध्यम', आणि ६४.५ पासून 'जोरदार'. माझी तक्रार इथे आहे. ही मापे पावसाळ्याच्या सवयीने बनलेली. जुलैत १५ मिलिमीटर म्हणजे कुणी दखल घेणार नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तेवढाच पाऊस फुलोऱ्यातल्या द्राक्षावर पडला, तर बागायतदाराची वर्षाची कमाई धोक्यात येते, आणि कागदावर तो पाऊस 'हलका'च राहतो. अंदाज वाचताना हा शब्द आपल्या पिकाच्या अवस्थेशी ताडून बघावा, नुसता वाचून सोडू नये.

रंगांचा अर्थही थोडक्यात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हालचाल करा. किती जोराचे हवामान येणार आणि ते येण्याची शक्यता किती, या दोहोंचा मेळ घालून रंग ठरतो. अवकाळीच्या वेळी पिवळा रंग बहुतेकदा विजा, मेघगर्जना आणि ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासाठी असतो. पुरासाठी नाही.

'अलर्ट होता, पण थेंब पडला नाही'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. इशारा जिल्ह्याच्या नावाने निघतो. नाशिक जिल्ह्याचे क्षेत्रफळ साधारण साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. एका टोकाला धो-धो पावसाची इगतपुरी, दुसऱ्या टोकाला मालेगाव, येवला. गडगडाटी ढगाचा एक पुंजका मात्र जेमतेम पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि तास-दीड तासात संपतो. दिंडोरीत गार पडली आणि सिन्नरला ऊन होते, तर अंदाज बरोबर आला की चुकला? खात्याच्या हिशेबात बरोबर. सिन्नरच्या माणसाच्या हिशेबात चुकला. दोघेही खोटे बोलत नसतात.

पावसाळ्यातला पाऊस शेकडो किलोमीटर रुंद पट्ट्यांतून येतो, म्हणून तो जिल्ह्याच्या मापात सांगता येतो. अवकाळीचा पाऊस सुट्या ढगांतून येतो. अमुक दुपारी गडगडाटी ढग उभे राहण्याजोगी परिस्थिती असेल, हे तीन दिवस आधी सांगता येते. ढग कोणत्या शिवारावर उभा राहील, हे रडारवर दिसायला लागल्यावरच, म्हणजे फार तर दोन-तीन तास आधी कळते. म्हणूनच विजांसाठी तीन दिवसांच्या अंदाजापेक्षा पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे अ‍ॅप जास्त उपयोगाचे. ते आसपास पडणाऱ्या विजांवरून त्या त्या वेळी सावध करते. मात्र त्यासाठी मोबाइल सोबत असावा लागतो, झाडाखाली उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकीत नाही. आणि खुद्द माणसानेही त्या झाडाखाली उभे राहू नये.

प्रत्येक अ‍ॅप वेगळे का सांगते?

एका मोबाइलवर ढगाचे चित्र, दुसऱ्यावर सूर्य. यामागे गणिते असतात. हवेचे दाब, तापमान, आर्द्रता, वारा यांच्या आजच्या नोंदी घेऊन भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी उद्याची हवा काढायची, याला हवामानाचे प्रारूप किंवा मॉडेल म्हणतात. युरोपीय, अमेरिकी, भारतीय अशी वेगवेगळी मॉडेल आहेत, आणि प्रत्येक अ‍ॅप त्यातले एखादे किंवा दोन-तीन मिसळून घेते. मॉडेल पृथ्वीवर जाळी टाकते आणि जाळीच्या प्रत्येक चौकोनाला एकच उत्तर देते. आयआयटीएमने विकसित केलेल्या आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'मध्ये हा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. त्याआधीचे चौकोन १२ किलोमीटरचे होते. चौकोन लहान झाला की घाटाचा उतार आणि पठार वेगळे दिसू लागतात. तरी गारांचा पट्टा कधी कधी त्या चौकोनाहूनही अरुंद असतो.

आणि सुरुवातीची नोंद कितीही काटेकोर घेतली, तरी एक अडचण उरतेच. १९६१ मध्ये अमेरिकेत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावर हवेचे गणित दुसऱ्यांदा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा घातला. थोड्याच काळात दोन्ही उत्तरे एकमेकांपासून पार वेगळी झाली. आजही म्हणूनच एकच मॉडेल सुरुवातीच्या आकड्यांत बारीक फरक करून पुन्हा पुन्हा चालवतात. सगळी उत्तरे जवळपास आली, तर अंदाजावर भरवसा ठेवता येतो. ती विखुरली, तर 'शक्यता' हा शब्द येतो. नोव्हेंबरात पूर्वेचा आणि पश्चिमेचा वारा नेमका कुठे भेटणार, यावर सारे अवलंबून असते आणि तिथेच उत्तरे विखुरतात. शंभर किलोमीटरची चूक उपसागरात नगण्य, पण इथे तीच गार लासलगावात पडणार की धुळ्यात, हे ठरवते.

एवढे कळले की पंधरा दिवसांनंतरच्या लग्नाच्या दिवशी अमुक वाजता पाऊस दाखवणाऱ्या चित्राकडे कसे बघायचे, हे वेगळे सांगायला नको. पाच दिवसांपर्यंतचा अंदाज गांभीर्याने घ्यावा. आठवड्यानंतरचा फक्त कल म्हणून. हवामान खाते दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते, त्यातही तापमान सरासरीपेक्षा वर की खाली, पाऊस जास्त की कमी एवढेच असते, आणि तेवढेच असायला हवे.

हे सगळे हवामान बदलामुळेच ना?

काही अंशी हो, पण प्रत्येक ढगाला तो शिक्का मारू नये. नोव्हेंबरातले आभाळ आपल्या आजोबांनीही पाहिले आहे. पूर्वेचा आणि पश्चिमेचा वारा तेव्हाही भिडत होता.

बदललेल्या गोष्टीही आहेत. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे तसाच ढग आला, तरी त्याच्या पोटात पाणी जास्त. अरबी समुद्र तापतो आहे, आणि आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या अभ्यासात अलीकडच्या दोन दशकांत तिथल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. 'ला निना असल्यामुळे यंदा कडाक्याची थंडी' हे मात्र जरा जपून घ्यावे. प्रशांत महासागर गार पडला की उत्तर भारतात थंडीचा कल वाढू शकतो, हे ठीक. पण उपसागरात एक कमी दाब तयार झाला की पुण्यातली थंडी आठवडाभर गायब होते, ला निना असो वा नसो.

शेतात नेमके काय बिघडते

शहरात ढगाळ हवेने फार तर सर्दी होते. शेतात मात्र पाऊस न पडताही नुकसान सुरू होते, आणि हे शहरातल्या वाचकाच्या लक्षात येत नाही.

द्राक्षाचे घ्या. ऑक्टोबरात छाटणी झालेली बाग नोव्हेंबरच्या मध्यापासून फुलोऱ्यात येते. पाने किती तास ओली राहिली, यावर डाऊनी या बुरशीच्या रोगाचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत डावणीचा, प्रादुर्भाव ठरतो. पाऊस कमी झाला, पण दव आणि मळभामुळे पाने दुपारपर्यंत वाळलीच नाहीत, तर बुरशीला तेवढे पुरते. फवारणीसाठी ट्रॅक्टर चिखलात जाऊ शकत नाही, हा आणखी एक ताप. तिकडे बागलाणच्या लवकर छाटलेल्या बागांत याच वेळी मण्यांत साखर भरलेली असते. अचानक पाणी मिळाले की मणी तडकतात, आणि तडकलेला घड निर्यातीच्या पेटीत जात नाही.

काढून शेतात पसरलेला लाल कांदा, विदर्भ-मराठवाड्यातला वेचणीला आलेला कापूस, फुलावर आलेली तूर, कोकणात कापून ठेवलेले भात, यांना पाऊस नकोच असतो. हरभऱ्यावर ढगाळ हवेत घाटेअळी वाढते. आंब्याला मोहर फुटायला गार रात्री लागतात, त्या मिळाल्या नाहीत की मोहराऐवजी पालवी येते. आलेल्या मोहरावर तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग.

पण सगळ्यांचेच वाईट होते असे नाही. सोलापूर, बीडकडच्या कोरडवाहू ज्वारीला नोव्हेंबरातला एखादा शांत पाऊस मिळाला, तर तो पाण्याच्या एका पाळीइतका मोलाचा. त्यामुळे 'अवकाळीने हाहाकार' हा मथळा नाशकात खरा असेल, तेव्हा मंगळवेढ्यात कुणी मनातल्या मनात बरे वाटूनही घेत असेल.

आभाळ निवळल्यावर

कमी दाबाचे क्षेत्र विरले किंवा विक्षोभ पूर्वेकडे सरकला की वारा पुन्हा उत्तरेचा होतो. पहिल्या एक-दोन पहाटे धुके पडते, कारण जमीन ओली आहे, आकाश मोकळे झाले आहे आणि तळातली हवा गार होऊन तिच्यातले बाष्प बारीक थेंबांत उतरते. मग कोरडी हवा पोहोचते, धुके जाते आणि पारा घसरू लागतो. ही घसरण एका रात्रीत चार-पाच अंशांचीही असू शकते. 'पुन्हा थंडी' हा मथळा तेव्हा येतो.

पण थंडीची वाट बघणाऱ्या सगळ्यांनाच ती मानवते असे नाही. गहू सुखावतो. निफाड-दिंडोरीच्या बागांत मात्र पारा फार खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते, म्हणून पहाटे ओळींमधून शेकोट्या पेटवून धूर करतात आणि ठिबकने पाणी सोडतात. विहिरीचे पाणी त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असते, ते मुळांपाशी आणि जमिनीलगत थोडी ऊब टिकवते. त्यासाठी पंप ऐन पहाटे चालू असावा लागतो, आणि शेतीपंपांची वीज पाळीने येते. या आठवड्यात आपल्या फीडरची पाळी रात्रीची आहे की दिवसाची, हे पारा किती उतरणार याच्याही आधी विचारून ठेवावे लागते.